एकशे एक दिवसांचा प्रतिनिधी

२२ नोव्हेंबर १७९२ रोजी जॉन मिलेज नावाचा पस्तीस वर्षांचा वकील फिलाडेल्फियाला अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहात येऊन आपल्या जागेवर बसला. जागा जॉर्जियाची, सॅव्हाना शहर आणि आसपासच्या किनारपट्टीतल्या मतदारांची. त्या सभागृहाची मुदत ३ मार्च १७९३ ला संपणार होती. बोटं मोडून हिशेब केला तर मिलेजच्या वाट्याला १०१ दिवस आले.

एवढ्यासाठी पोटनिवडणूक घ्यायची? कुठलीही पोटनिवडणूक तोंडावर आली की हा प्रश्न हमखास विचारला जातो. खर्च किती, मुदत उरली किती, एवढ्या दिवसांत तो माणूस करणार काय. माझं मत सुरुवातीलाच सांगतो: ते १०१ दिवस सार्थकी लागले आणि ती पोटनिवडणूक व्हायलाच हवी होती. ती कशामुळे घ्यावी लागली हे बघितलं की लोकशाहीतली रिकामी खुर्ची नक्की कोणाच्या मालकीची असते, हे नीट कळतं.

या गोष्टीतली मुख्य माणसं दोन, जेम्स जॅक्सन आणि अँथनी वेन. दोघंही स्वातंत्र्ययुद्धातले लढवय्ये. वेन पेनसिल्व्हेनियाचा. १७७९ साली स्टोनी पॉइंटचा किल्ला रात्रीच्या हल्ल्यात घेऊन त्याने नाव कमावलं होतं. जॅक्सन जन्माने इंग्लंडच्या डेव्हनचा, पण पोरवयात जॉर्जियात आला आणि तिथलाच झाला. जुलै १७८२ मध्ये ब्रिटिशांनी सॅव्हाना सोडलं तेव्हा जॉर्जियातल्या अमेरिकन फौजेचा सेनापती वेन होता. शहराचा ताबा घेण्याचा मान त्याने स्वतःकडे न ठेवता आपल्या हाताखालच्या जॅक्सनला दिला. शहराच्या किल्ल्या जॅक्सनच्या हातात पडल्या त्या वेनच्या हुकमाने. पुढे जॉर्जियाने कृतज्ञता म्हणून वेनला भाताची शेतं असलेली मोठी इस्टेट दिली. ती चालवायला त्याने कर्ज काढलं, कर्ज फिटेना, आणि नऊ वर्षांनी हे दोघे त्याच किनारपट्टीच्या जागेसाठी एकमेकांसमोर उभे राहिले. जॅक्सन तेव्हा विद्यमान प्रतिनिधी होता.

मतदान जानेवारी १७९१ मध्ये झालं आणि वेन जिंकल्याचं जाहीर झालं. मग एकेका काउंटीतून, म्हणजे तिथल्या जिल्ह्यातून, भानगडी बाहेर येऊ लागल्या. एफिंगहॅम काउंटीत मतदानाचा हक्क जितक्यांना होता त्यापेक्षा जास्त मतं पडलेली निघाली. कॅम्डेन काउंटीचा प्रकार याहून वाईट. तिथला खरा निकाल दाबून ठेवला गेला आणि त्याच्या जागी बनावट निकाल पुढे पाठवला गेला. हे करणारा माणूस गुंड नव्हता, न्यायाधीश होता. हेन्री ऑस्बर्न त्याचं नाव. जॉर्जियाच्या विधिमंडळाने पुढे त्याच्यावर महाभियोग चालवून त्याला पदावरून काढलं. वेनच्या बाजूने निवडणुकीची सूत्रं हलवत होता थॉमस गिबन्स हा वकील. पुढे वाफेच्या बोटींच्या मक्तेदारीवरून १८२४ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात जो गाजलेला खटला झाला, त्यातला गिबन्स तो हाच. जॅक्सनने भर सभागृहात त्याचा असा उद्धार केला की प्रकरण द्वंद्वयुद्धावर गेलं. दोघंही त्यातून जिवंत परतले. स्वतः वेनचा या बनवाबनवीत हात होता, असं मात्र कोणी सिद्ध केलं नाही.

जॅक्सनने प्रतिनिधिगृहाकडे दाद मागितली. आपल्या सदस्यांच्या निवडणुकीचा निवाडा प्रत्येक सभागृहाने स्वतःच करायचा, असं अमेरिकेची राज्यघटना सांगते. मार्च १७९२ मध्ये पुरावे समोर आले. वेनची निवड रीतसर झालेली नाही, असं सभागृहाने एकमताने ठरवलं. इथपर्यंत कोणाचंच दुमत नव्हतं. खरी कसोटी लागली ती पुढच्या प्रश्नावर. वेन नाही, मग जॅक्सनला बसवायचं का? २१ मार्चला मतं मोजली गेली. २९ विरुद्ध २९. सभापती कनेक्टिकटचा जोनाथन ट्रम्बुल. त्याने आपलं निर्णायक मत विरोधात टाकलं. जॅक्सनही नाही. जागा रिकामी जाहीर झाली आणि प्रश्न परत जॉर्जियाच्या मतदारांकडे गेला.

हे प्रकरण मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा माझी सगळी सहानुभूती जॅक्सनकडे होती. लबाडी त्याच्याशी झाली, पुरावे त्याने गोळा केले, लबाडी करणारा न्यायाधीश उघडा पडला, आणि पदरात काय पडलं तर एका मताने नकार. हा कसला न्याय? खोटी मतं वजा करा, उरलेली मोजा, ज्याची जास्त त्याला बसवा. वरवर बघता यात चूक काहीच दिसत नाही.

पण पुन्हा विचार केल्यावर मला ट्रम्बुलचंच मत पटत गेलं. मत देताना त्याच्या मनात काय होतं, हे इथे महत्त्वाचं नाही. जागा जॅक्सनला देणारे ते लोक कोण असणार होते, ते बघा. फिलाडेल्फियात बसलेले २९ सदस्य, बहुतेक सगळे दुसऱ्या राज्यांतले. एफिंगहॅममधलं कुठलं मत खरं आणि कुठलं खोटं, हे तिथे बसून ते ठरवणार आणि त्या वजाबाकीतून एक प्रतिनिधी तयार होणार. मतपेटी बिघडली हे एकदा मान्य केलं की तिच्यातल्या उरलेल्या मतांवर तरी किती भरवसा ठेवायचा? जिथे रात्रीतून अख्खा निकाल बदलला जातो, तिथे कोण धमकीने घरी बसला आणि कोणाला परत पाठवलं गेलं, हे कुठल्या कागदावर सापडणार? फसवणूक झाली हे सिद्ध करणं एक, आणि लोकांना कोण हवा होता हे सिद्ध करणं दुसरं. दुसऱ्याचं उत्तर फक्त लोकच देऊ शकतात.

यात एक धोकाही आहे, आणि तो २९ विरुद्ध २९ या आकड्यातच दिसतो. सभागृह दुभंगलेलं असताना कोणाला आत घ्यायचं हे बहुमत ठरवू लागलं, की बहुमत स्वतःच स्वतःला वाढवायला लागतं. आज एक जागा, उद्या चार. ट्रम्बुलच्या एका मताने निदान त्या दिवशी तरी तो रस्ता बंद झाला. जॅक्सनवर अन्याय झाला हे मी नाकारत नाही. पण जागा जॅक्सनची नव्हती, वेनची तर नव्हतीच, सभागृहाचीही नव्हती.

मग ती कोणाची होती? मतदारांची, असं मी म्हणतो तेव्हा १७९२ च्या जॉर्जियात मतदार म्हणजे कोण, हेही सांगायला हवं. १७९० च्या पहिल्या जनगणनेत जॉर्जियाची लोकसंख्या ८२,५४८ भरली. त्यातली २९,२६४ माणसं गुलाम होती. जागांचं वाटप करताना यातल्या प्रत्येकाला तीन पंचमांश मोजायचं, असं घटनेत लिहिलं होतं. म्हणजे वेनच्या भातशेतीत राबणारी माणसं जॉर्जियाच्या जागा वाढवायला मोजली जात होती आणि त्या जागेवर कोण बसणार हे सांगायला त्यांना तोंड नव्हतं. बायकांनाही नव्हतं. त्या पोटनिवडणुकीला लोकांचा कौल म्हणताना ही गोष्ट मला आजही टोचते. तत्त्व बरोबर होतं, पण ते लावलं गेलं मूठभर लोकांना. म्हणून मी तत्त्व टाकून देत नाही. ज्यांना बाहेर ठेवलं गेलं, त्यांनी पुढची दीडशे-पावणेदोनशे वर्षं जो लढा दिला, तो आपल्यालाही हीच खुर्ची भरता यावी म्हणूनच होता.

जागा रिकामी राहण्याची किंमत असते, हेही जॉर्जियाच्याच गोष्टीत दिसतं. घटनेने जॉर्जियाला पहिल्या वाटपात तीन जागा दिल्या होत्या. तिघांतला एक गेला की राज्याचा तिसरा हिस्सा आवाज गेला. आणि नेमकी त्याच दिवसांत जागांच्या फेरवाटपाची लढाई सुरू होती. ५ एप्रिल १७९२ ला वॉशिंग्टनने फेरवाटपाचं विधेयक परत पाठवलं. अमेरिकेच्या इतिहासातला राष्ट्राध्यक्षाचा हा पहिला नकाराधिकार. मग नवं विधेयक आलं, ३३,००० लोकांमागे एक प्रतिनिधी असं ठरलं आणि जॉर्जियाच्या जागा तीनवरून दोन झाल्या. जॉर्जियाचा तिसरा माणूस बसलेला असता तर हे टळलं असतं, असं मी म्हणत नाही. आकडेच तसे होते. पण ज्या दिवसांत आपल्या जागा किती हे ठरत होतं, त्याच दिवसांत किनारपट्टीच्या मतदारांसाठी बोलायला कोणी नव्हतं.

म्हणून मला जॉर्जियाचं एका गोष्टीसाठी कौतुक वाटतं. २१ मार्चला जागा रिकामी जाहीर झाली आणि ९ जुलैला मिलेज निवडून आला. मध्ये ११० दिवस. तार नव्हती, आगगाडी नव्हती. फिलाडेल्फियाचा कागद समुद्रमार्गे नाहीतर घोड्यावरून सॅव्हानाकडे जायचा, मग काउंटी-काउंटीत निवडणुकीचा हुकूम पोचायचा. हे सगळं ११० दिवसांत उरकलं. वेन तोवर सैन्यात परतला होता. आदल्या नोव्हेंबरात सेंट क्लेअरच्या फौजेचा दारुण पराभव होऊन सहाशेच्या वर सैनिक मारले गेले होते आणि नवी फौज उभारायचं काम वॉशिंग्टनने वेनवर सोपवलं होतं.

आणि मिलेज? तो जॅक्सनचा जुना साथी. १७७८ च्या डिसेंबरात सॅव्हाना ब्रिटिशांच्या हाती पडलं तेव्हा हे दोघे निसटून दक्षिण कॅरोलायनाकडे पळाले. अंगावर चिंध्या, पायात काही नाही. त्यांच्याच बाजूच्या गस्तीने त्यांना हेर समजून धरलं. फाशीची तयारी झाली होती, तेवढ्यात ओळखीचा एक जॉर्जियन अधिकारी तिथे आला आणि दोघे वाचले. सभागृहाने जॅक्सनला जे दिलं नाही, ते मतदारांनी त्याच्या मित्राला दिलं. त्याला मिळालेली जागा वेनच्या जागेसारखी संशयाची नव्हती आणि जॅक्सनला मिळाली असती तशी उपकाराचीही नव्हती.

त्या १०१ दिवसांत सभागृह काही हातावर हात ठेवून बसलं नव्हतं. पळालेल्या गुलामांना धरून परत मालकाच्या ताब्यात देण्याचा कायदा फेब्रुवारी १७९३ मध्ये झाला, आणि त्याने पुढची सत्तर वर्षं माणसांची आयुष्यं उद्ध्वस्त केली. अर्थमंत्री हॅमिल्टनविरुद्धचे ठराव मुदतीच्या अगदी शेवटच्या दिवसांत आले आणि पडले. कायदा चांगला की दुष्ट हा भाग वेगळा. उरलेली मुदत थोडी असली तरी सभागृह निर्णय घेतच असतं, आणि त्या निर्णयाचा जाब विचारायला मतदाराकडे एक नाव असावं लागतं.

हॅमिल्टनविरुद्धचे ते ठराव मांडणारा विल्यम ब्रँच जाइल्स हाही पोटनिवडणुकीतूनच आला होता. व्हर्जिनियाचा थिओडोरिक ब्लँड १ जून १७९० ला वारला. पदावर असताना निधन पावलेला तो प्रतिनिधिगृहाचा पहिला सदस्य. त्याच्या जागी लोकांनी जाइल्सला निवडलं आणि डिसेंबरात तो हजर झाला. त्याच वर्षी, त्याच व्हर्जिनियात आणखी एक जागा रिकामी झाली होती. मार्चमध्ये सिनेटर विल्यम ग्रेसन वारला. पण सिनेटचा नियम वेगळा. तिथे आधी जॉन वॉकरची तात्पुरती नेमणूक झाली आणि नोव्हेंबरात विधिमंडळाने जेम्स मन्रोला निवडलं. एकाच राज्यात, एकाच वर्षात दोन जागा रिकाम्या झाल्या. एक लोकांनी भरली, दुसरी लोकांना न विचारता भरली गेली. सिनेटची जागा रिकामी राहिली नाही हे खरं. पण वॉकरला कोणी निवडलं होतं, असं व्हर्जिनियातल्या शेतकऱ्याने विचारलं असतं तर काय उत्तर होतं?

प्रतिनिधिगृहाने हा नियम आजतागायत सोडलेला नाही. तिथे नेमणुकीने कोणी बसू शकत नाही. गेल्या सव्वादोनशे वर्षांत तिथे जो बसला तो निवडून आलेलाच. घटनेचं वाक्य साधं आहे: राज्याची जागा रिकामी झाली की त्या राज्याच्या कार्यकारी प्रमुखाने ती भरण्यासाठी निवडणुकीचा हुकूम काढायचा. गव्हर्नरला यात निवड नाही, हे कर्तव्य आहे.

मात्र या वाक्यात एक भोक राहून गेलं. हुकूम कधी काढायचा, मतदान किती दिवसांत घ्यायचं, हे त्यात नाही. १७९२ साली ते ११० दिवसांत निभावलं. फ्लोरिडाचे प्रतिनिधी अल्सी हेस्टिंग्ज यांचं ६ एप्रिल २०२१ ला निधन झालं. गव्हर्नरनी पोटनिवडणूक ठेवली ११ जानेवारी २०२२ ला. २८० दिवस. विमानं आली, इंटरनेट आलं, आणि जागा भरायला घोड्यांच्या काळाच्या अडीचपट वेळ लागला. त्या मतदारसंघातल्या डेमोक्रॅटिक पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या प्राथमिक फेरीचा निकाल पाच मतांनी लागला. लोकांना या जागेत रस नव्हता म्हणून उशीर चालला, असं म्हणायची सोय त्या पाच मतांनी ठेवली नाही.

अमेरिकन काँग्रेसला मुदतीचं महत्त्व कळत नाही असंही नाही. २००१ च्या हल्ल्यानंतर, संसदेवरच घाला पडला तर काय, या चिंतेतून त्यांनी कायदा केला: प्रतिनिधिगृहाच्या शंभराहून जास्त जागा एकदम रिकाम्या झाल्या, तर ४९ दिवसांत पोटनिवडणुका घ्यायच्या. शंभर जागांसाठी ४९ दिवस पुरतात, मग एका जागेसाठी का पुरू नयेत? शंभर जागा रिकाम्या झाल्या की संसद अडते, एक रिकामी झाली की फक्त तिथले मतदार अडतात. कायदा करणाऱ्यांना पहिली अडचण दिसली, दुसरी दिसली नाही.

हे लिहिताना पुणे आठवल्याशिवाय राहत नाही. खासदार गिरीश बापट यांचं २९ मार्च २०२३ ला निधन झालं. लोकसभेची मुदत जून २०२४ पर्यंत होती, म्हणजे वर्षाहून जास्त. आपल्याकडे अमेरिकेतल्यासारखं भोक नाही. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यात कलम १५१ अ आहे: सहा महिन्यांत पोटनिवडणूक घ्या. सूट दोनच बाबतींत, उरलेली मुदत वर्षापेक्षा कमी असेल तर, किंवा त्या वेळेत निवडणूक घेणं अवघड आहे असं निवडणूक आयोगाने केंद्र सरकारशी सल्लामसलत करून प्रमाणित केलं तर. आयोगाने दुसरी वाट धरली. २०२४ च्या सार्वत्रिक निवडणुकीच्या तयारीत यंत्रणा गुंतली आहे, हे एक कारण. निवडून येणाऱ्याला फार थोडे दिवस मिळतील, हे दुसरं. १३ डिसेंबर २०२३ ला मुंबई उच्च न्यायालयाने ही कारणं फेटाळून लगेच निवडणूक घ्यायला सांगितलं. जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली. पुण्याला खासदार मिळाला तो थेट ४ जून २०२४ ला. चौदा महिने गेले.

त्या चौदा महिन्यांत आमच्या ओळखीच्या एका घरात मोठं ऑपरेशन निघालं. पंतप्रधान मदत निधीच्या अर्जाला खासदारांचं पत्र जोडायचं होतं. घरातला मुलगा फाइल घेऊन विचारत फिरला, आपले खासदार कोण? शेवटी ओळखीने दुसऱ्या एका खासदारांच्या कार्यालयातून पत्र मिळालं. काम झालं, पण त्या मुलाने जे मागितलं ते हक्काचं होतं आणि त्याला ते उपकार म्हणून घ्यावं लागलं. संसदेतला प्रश्न, मतदान, समिती या मोठ्या गोष्टी झाल्या. रिकामी खुर्ची माणसाला भेटते ती अशी, फाइल हातात असताना.

‘थोडेच दिवस उरलेत’ हे कारण मला सगळ्यांत जास्त खुपतं. दिवस थोडे उरतात ते आधी घालवले म्हणून. उशीर करायचा आणि मग उशीर झाला हेच कारण पुढे करायचं, हे चालवून घेता कामा नये. पोटनिवडणुकीला खर्च येतो, मतदान कमी होतं, यंत्रणेवर ताण पडतो, हे आक्षेप खोटे नाहीत. पण सार्वत्रिक निवडणुकीलाही खर्च येतो आणि तिथे आपण तो प्रश्न विचारत नाही. मतदान कमी होईल म्हणून मतदानच नको, हा तर मतदाराला त्याच्या आळसाची शिक्षा आगाऊ देण्याचा प्रकार आहे.

माझं मागणं एवढंच आहे. अमेरिकेत असो की इथे, जागा रिकामी झाल्याच्या दिवसापासून घड्याळ कायद्यानेच सुरू व्हावं. तारीख पुढे ढकलण्याचा अधिकार ज्यांना रिकाम्या जागेचा फायदा किंवा तोटा होऊ शकतो त्यांच्या हाती नसावा. सूट द्यायचीच असेल तर तिचं कारण लेखी, ठरलेल्या दिवसांत, न्यायालयापुढे मांडलं जावं आणि न्यायालयानेही त्याचा निकाल घड्याळाकडे बघून लावावा. नाहीतर मतदार खटला जिंकतो आणि निवडणूक हरवून बसतो.

जॅक्सन १७९३ पासून सिनेटमध्ये होता, पण याझूच्या जमिनींचा घोटाळा, म्हणजे जॉर्जियाच्या आमदारांनी लाच खाऊन राज्याच्या जमिनी कवडीमोलाने विकल्याचं प्रकरण, उघडकीला येताच तो राजीनामा देऊन जॉर्जियाला परतला, त्या घोटाळ्याविरुद्ध लढला, पुढे गव्हर्नर झाला आणि पुन्हा सिनेटमध्ये गेला. मार्च १८०६ मध्ये वॉशिंग्टन शहरात, पदावर असतानाच, तो वारला. त्याची जागा भरायला जून महिन्यात निवड झाली ती मिलेजचीच. आयुष्यात दुसऱ्यांदा तो रिकाम्या जागेवर बसला, आणि या वेळी त्याला विधिमंडळातल्या सदस्यांनी निवडलं. सॅव्हानाच्या मतदारांना कोणी विचारलं नाही. सिनेटची रिकामी जागा आपल्या मतांनी भरण्याचा हक्क त्यांना मिळाला तो १९१३ च्या सतराव्या घटनादुरुस्तीने, आणखी १०७ वर्षांनी.